भैरवीची चार मिनिटं

प्रति,
जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतली संगीत मंडळं, उत्सव समित्या आणि गाण्याचा कार्यक्रम ठरवायला जिथं कुठं चार माणसं चहा घेत बसतात ती सगळी संयोजक मंडळी यांस,

रामराम.

मी गायक नाही, वादक नाही, समीक्षक तर नाहीच. मी साउंडवाला. तुमच्या निमंत्रणपत्रिकेत मंडपवाल्याच्या खाली 'ध्वनिव्यवस्था' म्हणून जी एक ओळ असते, तो मी. काही पत्रिकांत तीही नसते. वडिलांचं भोंगे भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न, हरिनाम सप्ताह, निवडणुकीची रिक्षा, सगळीकडे आमचे भोंगे. त्यातून मी गाण्याच्या कार्यक्रमांकडे वळलो त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. मिक्सर कुठं लावतात तुम्हाला माहीत आहे, प्रेक्षकांच्या मागे, नाहीतर कडेला. तिथून मला गाणाराही दिसतो, ऐकणाराही दिसतो आणि विंगेत उभं राहून घड्याळाकडे बघणारे तुम्हीही दिसता.

हे पत्र त्या घड्याळाबद्दल आहे.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गाव सांगत नाही, मंडळही सांगत नाही, कारण ज्यांचं आहे त्यांना कळेल आणि बाकीच्यांना ते आपलंच वाटेल. उघड्या मैदानावर कार्यक्रम. पत्रिकेत वेळ सायंकाळी ठीक सहा. ते 'ठीक' कोण छापतं मला अजून कळलेलं नाही. गायक मुंबईहून गाडीनं दुपारीच आलेले, पन्नाशीचे, शांत. साडेपाचला त्यांनी तंबोरे लावायला घेतले. पहिली तार पंचमाची, म्हणजे 'प'ची, असते ती त्यांनी निषादाला, म्हणजे 'नी'ला, नेली, तेव्हा मला कळलं की मारवा आहे, सूर्य मावळतानाचा राग. मारव्यात पंचम नाही. शास्त्रातलं मला फार कळत नाही, पण तंबोऱ्याला माइक लावून लावून एवढं येतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. पश्चिमेला नुसता लाल पट्टा, थंडी पडायला लागलेली, दोन तंबोरे जुळलेले. मी मुद्दाम बाकी सगळे माइक बंद केले आणि तंबोऱ्यांचा आवाज हळूच बाहेर सोडला. सतरंजीवर आधी येऊन बसलेली वीस-पंचवीस माणसं बोलायची थांबली.

सहा वाजले. प्रमुख पाहुणे यायचे होते. साडेसहा. सात. लाल पट्टा गेला. सात वाजून चाळीस मिनिटांनी दीपप्रज्वलन. वाऱ्यानं समई तीनदा विझली, तीनदा फोटो. मग प्रास्ताविक, स्वागतगीत, आणि सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मी मोजले, एकतीस. मंडपवाल्याचा झाला, केटररचा झाला, देणगीदारांच्या जावयाचाही झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मिक्सर सोडून गेलो नाही, कारण तेवढ्यात कोणीतरी माइकवर फू फू करायला लागलं होतं. मग अध्यक्षीय भाषण, त्यात संगीत ही कशी ईश्वरी देणगी आहे याचं अठरा मिनिटं विवेचन. ईश्वरी देणगी मागे विंगेत शाल पांघरून बसली होती.

आठ पस्तीसला गायक बसले. मारवा गेला तो गेलाच. त्यांनी तंबोऱ्यांच्या तारा पुन्हा पंचमावर आणल्या, त्यात पाच मिनिटं गेली, तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "आता काय हे टुणटुण लावलंय, घरून लावून नाही आणता येत?" पुरिया-मारव्याच्या तयारीनं आलेल्या माणसानं रात्रीचा राग बागेश्री धरला. सुंदर गायले. पण नऊ चाळीसला मैदानाच्या फाटकाशी पोलीस दादा येऊन उभे राहिले आणि तुमच्यातल्या एकानं स्टेजवर चिठ्ठी पाठवली. द्रुत, म्हणजे शेवटचं जलद लयीतलं गाणं, चालू असताना चिठ्ठी! गायकांनी ती वाचली, हसले, तबलजीकडे बघितलं आणि तिहाई घेऊन थांबले. मैफल जिनं संपवतात ती भैरवी चार मिनिटं. दहाला दोन कमी असताना मी मुख्य स्विच बंद केला.

पोलीस दादांना दोष देऊ नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात कसे संपतात ते तुम्हाला माहीत आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. माझ्या धंद्याला हा कायदा जड जातो, तरी मी त्याच्या बाजूचा आहे. दवाखान्यासमोर रात्री दीडपर्यंत डीजे वाजवलेला मी बघितलाय आणि तरुणपणी थोडं पाप स्वतःही केलंय. पण या नियमाचा गाण्यावर काय परिणाम झाला ते मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या लहानपणी मैफल म्हणजे रात्रभर. पुण्यात भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या नावानं सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा पूर्वी रात्र-रात्र चालायचा. त्याच्याही आधीचं बघा. बालगंधर्वांची नाटकं रात्री सुरू व्हायची ती पहाटे संपायची, 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर'. साथीला तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष. आणि बालगंधर्व आपल्याला परके नाहीत. लहानपणी त्यांनी गाण्याचे धडे जळगावात मेहबूबखाँकडे घेतले. आपण त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह बांधलं. त्यांच्या नावाचा महोत्सवही दर जानेवारीत होतो. जळगावच्या माणसानं गाण्याला वेळ कमी पडला असं म्हणणं तसं शोभत नाही.

आता हिशेब करा. दहानंतरचं कायद्यानं गेलं. म्हणजे मालकंस, दरबारी, आणि पुढे उत्तररात्रीचं सगळं. सहा ते साडेआठचं तुमच्या पाहुण्यांनी आणि सत्कारांनी गेलं. म्हणजे मारवा, पूरिया धनाश्री, श्री, सगळे संधिप्रकाशातले राग. पहाटेचं तर आपण कधी ठेवतच नाही. उरलं काय? साडेआठ ते दहा. तेवढ्या फटीत यमन नाहीतर बागेश्री, एक नाट्यगीत, एक अभंग, घाईची भैरवी. आणि मग तुम्हीच म्हणता की हल्ली सगळे तेच तेच गातात.

त्या रात्री मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा एक आजोबा जवळ आले. पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. यावल तालुक्यातल्या एका गावाहून एसटीनं आलेले. मला म्हणाले, "भाऊ, बाबांनी मारवा लावला होता ना पहिले? मी साडेपाचलाच आलो होतो. मला वाटलं आज सापडला." मग म्हणाले, रेडिओवर ऐकलाय, समोर बसून कधी नाही. शेवटची गाडी चुकली होती. त्यांना मी टेम्पोत घेतलं, स्टँडवर सोडवेना म्हणून घरी नेलं. रात्री जेवताना ते भाकरीचा तुकडा मोडत गप्प होते. माझ्या बायकोला वाटलं भाजी तिखट झाली.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, साउंडवाला आता शहाणपणा शिकवतो. तर माझ्या चुकाही ऐका, नाहीतर न्याय होणार नाही.

सुरुवातीच्या काळात एका गावी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. माणूस खूप येणार म्हणून मी स्टेजजवळ दोन आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, ऐंशी मीटरवर, दोन भोंगे टांगले. भाषणापर्यंत सगळं छान. गायकानं द्रुत धरली आणि तानेला सुरुवात केली, तसे ते दचकून मागे बघायला लागले. दोनदा झालं. तिसऱ्यांदा गाणं थांबवून मला विचारलं, "मागे कोण गातंय?" ते स्वतःच गात होते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ऐंशी मीटर जायला पाव सेकंद. द्रुत लयीत सेकंदाला चार मात्रा पडत असतील तर लांबचा भोंगा बरोबर एक मात्रा उशिरा. म्हणजे स्टेजजवळ बसलेल्या माणसाला दोन गायक ऐकू येतात आणि गाणाऱ्याला स्वतःचं भूत. भाषणात हे कळत नाही, कारण भाषणात सम, म्हणजे तालाची पहिली, ठरलेली मात्रा, नसते. तेव्हापासून लांबचे भोंगे मी भाषणाला चालू ठेवतो आणि गाण्याला बंद करतो. मागच्या लोकांना पुढे या म्हणतो. ते येतात. गाण्यासाठी माणूस पुढे सरकतो, हे मला ज्या रात्री कळलं ती रात्र सांगतो.

लोडशेडिंगची वर्षं. भुसावळजवळ दीपनगरला एवढं मोठं औष्णिक वीज केंद्र, चिमण्या लांबून दिसतात, आणि त्याच चिमण्यांच्या नजरेच्या टप्प्यातल्या गावांत रात्री अंधार. एका तालुक्याच्या गावी बाईंचं गाणं होतं. नाव मोठं, माणूस साधा. माझा जनरेटर होता, पण डिझेल भरायचं काम ज्या पोरावर टाकलं होतं तो मामाच्या मुलीच्या हळदीला गेलेला. मध्य लयीत बंदिश रंगात आली आणि जनरेटरनं दोन उचक्या दिल्या. गप. मिट्ट काळोख. चारशे माणूस. मला वाटलं आज मार खातो.

बाई थांबल्याच नाहीत. मुखडा तसाच घेतला आणि समेवर आल्यावर मधेच म्हणाल्या, "हे बाजूला घ्या आणि जवळ या." हे म्हणजे माझा माइक. मी अंधारात चाचपडत स्टँड काढला. आणि मग तो आवाज ऐकला, सतरंज्या घसटत पुढे येण्याचा. चारशे माणसं बसल्या बसल्या पुढे सरकत होती. बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. कोणीतरी लग्नघरातून गॅसबत्ती आणली, ती स्टेजच्या पायरीशी ठेवली. तिचा तो सूंऽऽ आवाज आणि दोन तंबोरे. शेवटच्या रांगेतला माणूस आता दहाव्या हातावर होता. तबलजीनं डग्गा एवढा हलका केला की तबल्याच्या कडेवरच्या, चाटेवरच्या बोटाची नखंसुद्धा ऐकू यावीत. बाईंचा आवाज मी वर्षातून दोन-तीनदा तरी माइकमधून ऐकायचो, मला वाटायचं मला माहीत आहे. षड्जावर, म्हणजे 'सा'वर, येताना त्या आधी थोडा श्वास सोडतात, मग सूर लागतो. तो श्वास माझ्या मशिनीतून कधीच गेला नव्हता. मीच तो कापत होतो, 'स्वच्छ आवाज' देतो म्हणून.

अर्ध्या तासानं लाईन आली. खांबावरचे दिवे लागले, माझ्या ॲम्प्लिफायरनं भोंग्यातून 'ठप्प' केलं आणि घरघर सुरू झाली. बाईंनी डोळे उघडले. तेवढ्यात मधून एक म्हातारी माझ्याकडे हात करून ओरडली, "ओ भाऊ, बंद कर ना ते! बाईले गावू दे!"

मी बंद केलं. साउंडवाल्याला पैसे देऊन साउंड बंद करायला लावलेला बहुधा आमच्या जिल्ह्यातला तो एकच कार्यक्रम. पैसे पूर्ण मिळाले, मी अर्धे परत करत होतो, घेतले नाहीत.

त्यानंतर मी मशिनी मोठ्या घेतल्या नाहीत. चांगल्या घेतल्या. आता तुमच्यातले काही फोनवर विचारतात, किती वॉट? गाण्याला वॉट लागत नाहीत हो. अर्थिंग नीट लागतं, म्हणजे तंबोऱ्याच्या मागे घूं घूं येत नाही. गाण्याआधी एक तास लागतो, ज्या तासात कोणी माइकवर 'वन टू थ्री' करणार नाही. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून घुमतो, माणसं बसली की तोच आवाज त्यांच्या कपड्यांत जिरतो, म्हणून सगळं पुन्हा थोडं लावावं लागतं. आणि उघड्यावर थंडीत दव पडलं की तबल्याचं चामडं उतरतं, ते हातोडीनं पुन्हा चढवावं लागतं. त्या ठोकाठोकीला कंटाळून टाळ्या वाजवू नका. आणखी एक, पाहुणचाराच्या प्रेमात गायकाला गाण्याआधी शेवभाजी खाऊ घालू नका. आसोद्याचं भरीत, कळण्याची भाकरी, सगळं गाण्यानंतर. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगतोय, तपशील विचारू नका.

आणि हे फक्त शास्त्रीय गाण्याचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका महोत्सवात सातपुड्यातले पावरीवाले बोलावले होते. त्यांना दिलं ते पाहुणे येईपर्यंतचं 'फिलर', लोक खुर्च्या लावत असताना. पावरी म्हणजे वाळलेला भोपळा आणि बांबू. वाजवणारा गालात हवा धरून श्वास न तोडता वाजवत राहतो, आणि बाकीचे कमरेला हात घालून गोल फिरतात. मिरजेच्या तंबोऱ्यालाही भोपळाच लागतो. एका भोपळ्याला गादी आणि दुसऱ्याला खुर्च्यांचा खडखडाट, हे मला मिक्सरमागून बघवलं नाही. मी काय करू शकत होतो? एक माइक जमिनीवर आडवा ठेवला, नाचणाऱ्यांच्या पायांसाठी. घुंगरांचा आवाज मैदानभर गेला तेव्हा खुर्च्या लावणारी पोरं थांबली. वहीगायन म्हणजे आपल्या खानदेशातलं लोकगाणं, त्या वहीगायनवाल्यांचंही तेच. आठ-दहा माणसांना मिळून एक माइक आणि वेळ 'मान्यवर येईपर्यंत'. कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला रात्र जागवणाऱ्या बायकांना तर आपण गाणाऱ्या धरतच नाही.

आता मागणी. एकच आहे खरं तर, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

पत्रिकेत जी वेळ छापता त्या वेळेला गाणं सुरू करा. पाहुणे उशिरा आले तर गाणं चालू असताना येऊन बसतील, मी त्यांना टॉर्च दाखवतो. सत्कार करायचेच असतील तर मध्यंतरात करा, चहाबरोबर, पाच जणांचे. उरलेल्या सव्वीस जणांना शाल घरी पाठवली तर त्यांनाही बरं वाटेल, थंडी असते. समई गायक बसायच्या आधी पेटलेली असू द्या. घड्याळ बघत गायकाला चिठ्ठी पाठवायची वेळच येऊ देऊ नका.

आणि वर्षातून एक तरी कार्यक्रम पहाटे ठेवा. कायदा सकाळी सहापासून आवाजाला मोकळीक देतो आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे अंधारात सुरू करून उजाडताना संपवायला तास आहे, फुकटचा. आपण दिवाळी पहाट करतो, पण ती आकाशकंदील, निवेदन आणि सिनेमातल्या भक्तिगीतांची. मी म्हणतो ती वेगळी. तशी एकच केली होती आम्ही, चार मित्रांनी वर्गणी काढून, केळीच्या बागेजवळच्या एका मंदिराच्या पारावर. साठ माणसं, घोंगड्या पांघरून. सहाला दहा मिनिटं असताना तंबोरे लागले, माइक न लावता. सहाला मी माइक उघडले. ललित, पहाटेचा राग. निवेदन नाही, निवेदक झोपला होता. अर्ध्या तासानं लांब रेल्वे लाईनीवरून मालगाडी गेली आणि इंजिनानं लांबलचक शिट्टी दिली. गायक आलापीत होते, थांबले, कान दिला आणि म्हणाले, "पंचम लावला यानं. ललितात चालत नाही." साठही माणसं हसली. मग मालगाडी जाईपर्यंत, पन्नासेक डबे, सगळे गप्प बसून राहिले, तंबोरे चालू. डबे संपले तशी त्यांनी मध्यमावर पुन्हा सुरुवात केली, आणि मागे केळीच्या पानांत उजाडायला लागलं.

खर्च किती आला विचाराल. मंडप नाही, खुर्च्या नाहीत, शाल नाही. चहा दोन वेळा.

दसरा झाला की तुमचे फोन सुरू होतील. दरवेळी पहिला प्रश्न 'भाऊ, किती घेणार' असा असतो. या वर्षी मी आधी विचारणार आहे, गायक किती वाजता बसणार. सहाला म्हणालात तर वीस टक्के कमी करीन, लेखी देतो. आणि मारवा होणार असेल तर आठ दिवस आधी मला कळवा. यावलच्या त्या आजोबांचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना निरोप मीच देईन, आदल्या रात्री मुक्कामाला ते माझ्याकडे येतील.

आपला,
मिक्सरमागचा